दाहाचे वेळापत्रक : पावसाळी ताप, आरएनए आणि प्रतिकारसंकेत

मुंबई महानगर प्रदेशात पावसाळ्याच्या महिन्यांत डेंग्यू, मलेरिया, चिकुनगुन्या आणि लेप्टोस्पायरोसिस हे चारही आजार एकाच वेळी आढळतात. एका बाजूला वसईची खाडी, दुसऱ्या बाजूला उत्तनचा किनारा, मधे मिठागरे आणि त्यांना लागून दाट गृहसंकुले अशी रचना असलेले मीरा-भाईंदर शहर याला अपवाद नाही. या आजारांची कारणे अगदी वेगवेगळी आहेत: डेंग्यू आणि चिकुनगुन्या विषाणूंमुळे होतात, मलेरिया एकपेशीय परजीवीमुळे होतो, तर लेप्टोस्पायरोसिस जिवाणूमुळे. तरीही पहिल्या दोन-तीन दिवसांत ताप, अंगदुखी, डोकेदुखी आणि गळून जाणे ही लक्षणे चारही आजारांत जवळजवळ सारखीच दिसतात, कारण ती बहुतांशी रोगजंतूने घडवलेली नसून शरीराच्या प्रतिकार यंत्रणेने दिलेल्या प्रतिसादातून, म्हणजेच दाहातून, निर्माण झालेली असतात.

दाह म्हणजे संसर्ग किंवा इजा झालेल्या जागी रक्तप्रवाह वाढवून, रक्तवाहिन्यांच्या भिंती थोड्या सैल करून आणि संरक्षक पेशींना तेथे बोलावून शरीराने केलेली संघटित कारवाई होय. ही कारवाई योग्य वेळी सुरू झाली आणि योग्य वेळी थांबली तर रुग्ण बरा होतो. ती उशिरा सुरू झाली तर जंतू वरचढ ठरतो, आणि ती थांबलीच नाही तर शरीराच्या स्वतःच्या ऊतींची हानी होते. दाहाची सुरुवात, चढ आणि शेवट हे टप्पे मोठ्या प्रमाणात आरएनएच्या पातळीवर ठरतात, आणि म्हणूनच त्यांना काही तासांचे वा दिवसांचे एक वेळापत्रक असते. कोणती तपासणी कितव्या दिवशी करावी, कोणते औषध कोणत्या टप्प्यावर उपयोगी आणि कोणत्या टप्प्यावर घातक, ताप उतरल्यावर निर्धास्त व्हावे की सावध, या घरोघरी पडणाऱ्या प्रश्नांची उत्तरे या वेळापत्रकात आहेत. पुढील विवेचन डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेण्यासाठी नाही. तो सल्ला समजून घेता यावा आणि वेळेवर घेतला जावा, एवढाच त्याचा हेतू आहे.

जनुक, आरएनए आणि संदेशाचे आयुष्य

मानवी शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीच्या केंद्रकात डीएनएचा तोच संपूर्ण संच असतो आणि त्यात प्रथिने तयार करण्याची माहिती देणारी सुमारे २० हजार जनुके असतात. यकृताची पेशी आणि रक्तातील पांढरी पेशी यांत फरक पडतो तो जनुकांमुळे नव्हे, तर त्यांपैकी कोणती जनुके केव्हा आणि किती प्रमाणात वापरली जातात यामुळे. या वापरालाच जनुक-अभिव्यक्ती असे म्हणतात. जनुक वापरात आले की त्यातील माहितीची प्रत संदेशवाहक आरएनएच्या रूपाने तयार होते, ती प्रत केंद्रकाबाहेर पेशीद्रवात येते, आणि तेथील रायबोसोम ती वाचून प्रथिन बनवतात. मूळ नोंद तलाठी दप्तरात सुरक्षित राहावी आणि कामापुरता सातबाराचा उतारा बाहेर पडावा, तसाच हा व्यवहार आहे.

हा उतारा कायम टिकत नाही. काही संदेशवाहक आरएनए अनेक तास टिकतात, तर दाह घडवणाऱ्या काही प्रथिनांचे संदेश अर्ध्या-पाऊण तासातच मोडून टाकले जातात. एखाद्या प्रथिनाचे प्रमाण त्यामुळे दोन गोष्टींवर अवलंबून राहते: नवे संदेश किती वेगाने लिहिले जातात आणि लिहिलेले संदेश किती वेगाने नष्ट केले जातात. दाहाच्या बाबतीत ही दुसरी बाजू पहिलीइतकीच महत्त्वाची आहे, कारण ज्या संदेशांमुळे रक्तवाहिन्या सैल होतात, ताप चढतो आणि ऊतींचे नुकसान होऊ शकते, ते संदेश अल्पायुषी असणे हीच शरीराची पहिली खबरदारी होय.

दाह सुरू कसा होतो

डेंग्यूचा विषाणू म्हणजे सुमारे ११ हजार घटकांची आरएनएची एक लांब साखळी आणि तिच्याभोवतीचे आवरण. एडिस डासाच्या दंशातून तो शरीरात शिरला आणि पेशीत पोहोचला की त्याच्या आरएनएच्या नव्या प्रती बनू लागतात. या प्रती बनत असताना आरएनएची दुहेरी साखळी तयार होते आणि तिच्या टोकांची रासायनिक घडणही मानवी संदेशांहून वेगळी असते. पेशीतील टीएलआर-३, टीएलआर-७, आरआयजी-१ आणि एमडीए-५ ही ग्राही प्रथिने, म्हणजे विशिष्ट रेणू ओळखणारी प्रथिने, हा फरक हेरतात आणि केंद्रकाकडे इशारा पाठवतात. परका आरएनए ओळखणे हे विषाणूविरुद्धच्या प्रतिकाराचे पहिले पाऊल होय.

हा इशारा केंद्रकात नेणाऱ्या प्रथिनांपैकी सर्वाधिक अभ्यासलेले प्रथिन म्हणजे एनएफ-कप्पा-बी. ते १९८६ मध्ये रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी शोधून काढले. एरवी हे प्रथिन पेशीद्रवात दुसऱ्या एका रोधक प्रथिनाने बांधून ठेवलेले असते. इशारा मिळताच तो रोधक नष्ट केला जातो, एनएफ-कप्पा-बी केंद्रकात शिरते आणि दाहाशी संबंधित अनेक जनुकांचे लेखन काही मिनिटांत सुरू होते. त्यातून टीएनएफ, इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६ यांसारखी सायटोकाइने, म्हणजे एका पेशीकडून दुसऱ्या पेशीकडे प्रतिकाराचा निरोप नेणारी प्रथिने, बाहेर पडतात. त्याच वेळी दुसऱ्या मार्गाने इंटरफेरॉन तयार होते. १९५७ मध्ये अॅलिक आयझॅक्स आणि जीन लिंडेनमान यांनी शोधलेले हे प्रथिन शेजारच्या पेशींना सावध करते आणि त्या पेशींत विषाणूला अटकाव करणारी शेकडो जनुके कामाला लावते.

इंटरल्युकिन-१, टीएनएफ आणि इंटरल्युकिन-६ यांचा निरोप मेंदूपर्यंत गेला की तेथे प्रोस्टाग्लँडिन तयार होते आणि शरीराचे तापमान वरच्या पातळीवर ठरवले जाते. हाच ताप होय. पॅरासिटामॉल या शेवटच्या पायरीवर काम करते. त्याने तापमान उतरते, दुखणे कमी होते, परंतु विषाणूची वाढ किंवा सायटोकाइनांचे लेखन थांबत नाही. गोळी घेतल्यावर तास-दोन तासांत ताप उतरला म्हणजे आजार उतरला असे समजणे त्यामुळेच चुकीचे ठरते.

दाह थांबतो कसा

ज्या वर्षी एनएफ-कप्पा-बीचा शोध प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, १९८६ मध्ये, ग्रे शॉ आणि रॉबर्ट कामेन यांनी दाहाच्या लगामाचा पहिला ठोस पुरावा मांडला. पांढऱ्या पेशींच्या वाढीशी संबंधित एका सायटोकाइनच्या संदेशाच्या शेवटच्या भागात अॅडेनिन आणि युरॅसिल या घटकांचा दाट पट्टा आढळतो. तोच पट्टा त्यांनी एरवी दीर्घकाळ टिकणाऱ्या ग्लोबिनच्या संदेशाला जोडला, तेव्हा तो संदेशही लवकर मोडू लागला. संदेशाचे आयुष्य किती असावे हे संदेशातच लिहिलेले असते, हे त्यातून स्पष्ट झाले.

हा पट्टा वाचून संदेश मोडीत काढणारे एक महत्त्वाचे प्रथिन म्हणजे ट्रिस्टेट्राप्रोलिन. ज्या उंदरांमध्ये हे प्रथिन बनवणारे जनुक काढून टाकले, त्यांना सांध्यांचा दाह झाला, त्यांची शरीरे खंगत गेली आणि स्वतःच्याच ऊतींविरुद्ध प्रतिकार सुरू झाला, असे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. या उंदरांत टीएनएफच्या जनुकात कोणताही दोष नव्हता. फक्त त्याचे संदेश वेळेवर मोडले जात नव्हते. संसर्गाचा इशारा जोरात असतो तोवर ट्रिस्टेट्राप्रोलिन निष्क्रिय ठेवले जाते, आणि इशारा ओसरू लागला की ते पुन्हा कामाला लागते, असा हा क्रम आहे.

याखेरीज आणखी दोन लगाम आहेत. एनएफ-कप्पा-बी ज्या जनुकांचे लेखन सुरू करते त्यांत त्याच्या स्वतःच्या रोधकाचे जनुकही असते, त्यामुळे सुमारे तासाभरातच नवा रोधक तयार होऊन तो एनएफ-कप्पा-बीला केंद्रकाबाहेर आणू लागतो. दुसरा लगाम सूक्ष्म आरएनएचा आहे. सूक्ष्म आरएनए म्हणजे सुमारे २२ घटकांचे, कोणतेही प्रथिन न बनवणारे आरएनएचे तुकडे. ते जुळणाऱ्या संदेशांना चिकटतात आणि त्यांचे वाचन थांबवतात. त्यांच्या शोधासाठी व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकुन यांना २०२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. एनएफ-कप्पा-बीमुळेच तयार होणारा १४६-ए हा सूक्ष्म आरएनए इशारा वाहून नेणाऱ्या दोन प्रथिनांचे प्रमाण घटवतो, हे २००६ मध्ये बाल्टिमोर यांच्याच प्रयोगशाळेतून दाखवले गेले. दाह पेटवणारी यंत्रणा स्वतःच्या शमनाची तयारी स्वतःच करते, हा या सर्व संशोधनाचा गाभा आहे.

डेंग्यूचा विषाणू या व्यवस्थेत ढवळाढवळ करतो. पेशीतील आरएनए मोडणारे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, विषाणूची साखळी मोडत जाते. परंतु साखळीच्या शेवटच्या भागातील घट्ट घडीपाशी ते अडते. उरलेला तुकडा इंटरफेरॉनचा प्रतिसाद दुबळा करतो. शिवाय विषाणूचे एनएस-१ हे प्रथिन रक्तात मिसळते आणि रक्तवाहिन्यांच्या आतील स्तराची गळती वाढवण्यात भाग घेते. डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे असून, पूर्वी एका प्रकाराचा संसर्ग झालेल्या व्यक्तीस दुसऱ्या प्रकाराचा संसर्ग झाल्यास आजार तीव्र होण्याची शक्यता वाढते. पूर्वी डेंग्यू होऊन गेला असल्यास, डॉक्टरांनी विचारले नाही तरी ती माहिती त्यांना सांगावी.

तापाच्या दिवसांचा हिशेब

ताप ज्या दिवशी सुरू झाला तो दिवस पहिला धरून तारीख कागदावर लिहून ठेवणे, ही कुटुंबाने करावयाची पहिली आणि सर्वांत उपयोगी गोष्ट होय. तपासणीचा अर्थ या तारखेवरून ठरतो. डेंग्यूचे एनएस-१ प्रथिन साधारणपणे पहिल्या पाच दिवसांत रक्तात सापडते, तर प्रतिकार यंत्रणेने बनवलेली आयजीएम प्रतिपिंडे पाचव्या दिवसानंतर विश्वासाने मोजता येतात. पहिल्याच दिवशी केलेली आयजीएम तपासणी किंवा आठव्या दिवशी केलेली एनएस-१ तपासणी नकारात्मक आली, तर तिच्यावरून डेंग्यू नाही असे म्हणता येत नाही. शासकीय केंद्रांत वापरले जाणारे आयजीएम एलायझा संच पुण्याची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था तयार करते. झटपट पट्टीवरील चाचणीचा निकाल संशयास्पद वाटल्यास एलायझाने खात्री करून घेण्यास डॉक्टर सुचवतात, आणि तो सल्ला टाळू नये.

डेंग्यूची तपासणी करताना मलेरियासाठीही रक्त तपासून घ्यावे, कारण मलेरियावर नेमके औषध उपलब्ध आहे आणि उशीर घातक ठरतो. मलेरियाच्या व्हायव्हॅक्स प्रकारात ताप गेल्यावरही यकृतात लपून राहिलेल्या परजीवीसाठी १४ दिवसांचा प्रायमाक्विनचा उपचार डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पूर्ण करावा लागतो. साचलेल्या पाण्यातून चालणे झाले असेल, विशेषतः पायाला जखम असताना, तर तेही सांगावे. उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसमध्ये प्रतिजैविके जितक्या लवकर सुरू होतात तितका त्यांचा उपयोग अधिक.

डेंग्यूमध्ये सर्वाधिक गैरसमज ताप उतरण्याच्या दिवसाविषयी आहे. तिसऱ्या ते सातव्या दिवसांदरम्यान ताप उतरू लागतो आणि नेमक्या त्याच वेळी, पुढील २४ ते ४८ तासांत, रक्तातील द्रव वाहिन्यांबाहेर झिरपण्याचा धोका असतो. या टप्प्यावर विषाणू कमी होत चाललेला असतो, परंतु प्रतिकारसंकेतांचा परिणाम रक्तवाहिन्यांवर टिकून असतो. त्यामुळे ताप उतरल्याच्या दिवशी कामावर जाणे, दुपारची लोकल पकडून मुंबई गाठणे किंवा मुलाला शाळेत पाठवणे टाळावे. पोटात तीव्र दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्या किंवा नाकातून रक्त येणे, अस्वस्थपणा किंवा गुंगी, हातपाय थंड पडणे, लघवी कमी होणे यांपैकी एकही लक्षण दिसले तर रात्र असली तरी थांबू नये. भाईंदर पश्चिमेच्या टेंभा भागातील भारतरत्न पंडित भीमसेन जोशी रुग्णालयात किंवा जवळच्या कोणत्याही सुसज्ज रुग्णालयात रुग्णास न्यावे. घरी असेपर्यंत जलसंजीवनी, पेज, ताक, नारळपाणी असे द्रव थोडेथोडे परंतु सतत द्यावे. मधुमेह, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी द्रवाचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. तापासाठी पॅरासिटामॉल डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेतच घ्यावे. अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही दुखणे कमी करणारी औषधे डेंग्यूची शक्यता असताना घेऊ नयेत, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. हृदयविकारासाठी अॅस्पिरिन आधीपासून चालू असेल तर ते स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना त्वरित विचारावे.

रिपोर्टमधील आकडे वाचताना

सीआरपी हे यकृताने बनवलेले प्रथिन असून, इंटरल्युकिन-६ चा निरोप यकृताच्या पेशींना मिळाला की त्याचे जनुक जोमाने वापरात येते. रक्तातील त्याची पातळी सहा-आठ तासांत वाढू लागते, साधारण दोन दिवसांत शिखरावर पोहोचते, आणि दाहाचा इशारा थांबला की दर १९ तासांनी सुमारे निम्मी होत जाते. यावरून तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, ताप सुरू झाल्यावर दोन-तीन तासांत केलेल्या सीआरपीचा आकडा कमी आला तरी तो निर्णायक नसतो. दुसरी, एका आकड्यापेक्षा दोन आकड्यांमधील चढ किंवा उतार अधिक सांगतो. तिसरी, सीआरपी दाह असल्याचे सांगते, दाहाचे कारण सांगत नाही; त्यामुळे केवळ सीआरपी वाढली म्हणून प्रतिजैविक सुरू करण्याचा आग्रह कुटुंबाने धरू नये. काही प्रयोगशाळा हा आकडा प्रति लिटर मिलिग्रॅममध्ये देतात, तर काही प्रति डेसिलिटर मिलिग्रॅममध्ये. दोहोंत दहा पटींचा फरक असल्याने दोन ठिकाणचे रिपोर्ट ताडताना एकक आधी पाहावे. हृदयविकाराच्या जोखमीसाठी केली जाणारी अतिसंवेदनशील सीआरपी तपासणी ताप, सर्दी किंवा ताजी जखम असताना करू नये, कारण तेव्हाचा आकडा त्या तात्पुरत्या दाहाचा असतो.

आरटी-पीसीआर तपासणी विषाणूच्या आरएनएचे तुकडे शोधते. बरे झाल्यानंतरही काही दिवस, कधी काही आठवडे, असे तुकडे सापडू शकतात. त्यामुळे सकारात्मक निकाल म्हणजे जिवंत, संसर्गजन्य विषाणू असेच नेहमी नसते, आणि लक्षणे गेल्यावर वारंवार ही तपासणी करून घेण्याने मनस्ताप व खर्च यांखेरीज फारसे काही हाती लागत नाही.

डेंग्यूमध्ये सर्वांचे लक्ष प्लेटलेटच्या आकड्याकडे असते. मात्र द्रव झिरपत आहे की नाही हे हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण, अधिक नेमकेपणाने दाखवते. प्लेटलेट घटत असताना हिमॅटोक्रिट चढत असेल तर तो धोक्याचा इशारा समजावा. रक्तस्राव नसताना केवळ आकडा कमी झाला म्हणून प्लेटलेट चढवल्याने रक्तस्राव टळत नाही, असे सिंगापूर आणि मलेशियातील रुग्णालयांत झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आढळले. प्लेटलेटसाठी धावपळ करण्यापूर्वी त्या खरोखर आवश्यक आहेत का, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना शांतपणे विचारावे. पपईच्या पानांचा रस किंवा गोळ्या यांच्या भरवशावर तपासणी आणि द्रवोपचार लांबवू नयेत. बरे होण्याच्या टप्प्यात प्लेटलेट आपोआपच वाढू लागतात.

स्टेरॉइड : तेच औषध, दोन परिणाम

स्टेरॉइडे थेट जनुक-अभिव्यक्तीवर काम करतात. पेशीत शिरल्यावर ती आपल्या ग्राहीला जोडली जातात, ही जोडी केंद्रकात जाते, एनएफ-कप्पा-बीचे काम दाबते आणि ट्रिस्टेट्राप्रोलिनसारख्या लगामांचे प्रमाण वाढवते. त्यामुळे दाह झपाट्याने कमी होतो. परंतु तीच जोडी यकृतात साखर निर्माण करणारी जनुकेही वापरात आणते, म्हणून स्टेरॉइड सुरू असताना रक्तातील साखर वाढते, आणि विषाणूविरुद्धचा प्रतिकारही मंदावतो.

या दोन्ही परिणामांचा अनुभव महाराष्ट्राने कोविडच्या काळात घेतला. ब्रिटनमधील रिकव्हरी चाचणीचा निष्कर्ष जून २०२० मध्ये जाहीर झाला: दररोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन जास्तीत जास्त १० दिवस दिल्याने व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरील रुग्णांचे सुमारे एक पंचमांशाने घटले, ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना मात्र कोणताही लाभ दिसला नाही. सुरुवातीच्या दिवसांत विषाणू वाढत असतो आणि इंटरफेरॉनची गरज असते. पुढच्या दिवसांत विषाणू ओसरतो आणि न थांबलेला दाह फुप्फुसांची हानी करतो. औषध तेच, परंतु टप्पा बदलला की त्याचा अर्थ बदलतो. २०२१ मधील दुसऱ्या लाटेत अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा अनाठायी वापर एकत्र आल्याने म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य आजाराने राज्यात अनेकांचे डोळे, जबडे आणि प्राणही घेतले, आणि मे २०२१ मध्ये केंद्र शासनाने राज्यांना हा आजार अधिसूचित करण्यास सांगितले.

यातून घ्यावयाची खबरदारी स्पष्ट आहे. ताप लवकर उतरावा म्हणून डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन या गोळ्या जुन्या चिठ्ठीवरून किंवा दुकानदाराच्या सांगण्यावरून घेऊ नयेत. डेंग्यूच्या उपचारात जागतिक आरोग्य संघटना स्टेरॉइडची शिफारस करत नाही. दमा, आमवात किंवा अन्य आजारासाठी डॉक्टरांनी स्टेरॉइड दिले असेल तर मात्रा आणि कालावधी लिहून घ्यावा, साखर नियमित तपासावी, आणि काही आठवडे औषध चालल्यानंतर ते एकाएकी बंद करू नये, कारण त्या काळात शरीराचे स्वतःचे कॉर्टिसोल बनणे मंदावलेले असते आणि ते पूर्ववत होण्यास वेळ लागतो.

दाह रेंगाळतो तेव्हा

चिकुनगुन्याचा ताप काही दिवसांत जातो, परंतु सांधेदुखी काहींना आठवडे, काहींना महिने सतावते. ती तीन महिन्यांपलीकडे टिकली किंवा सकाळी सांधे तासभर आखडलेले राहू लागले तर संधिवाततज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. आमवातासारख्या आजारात टीएनएफचा निरोप सतत चालू राहतो, आणि तो अडवणारी टीएनएफविरोधी इंजेक्शने किंवा सायटोकाइनचा इशारा पेशीच्या आत थांबवणाऱ्या टोफासिटिनिब, बॅरिसिटिनिब या गोळ्या अनेकांचे आयुष्य सुसह्य करतात.

मात्र टीएनएफ क्षयाच्या जंतूंना गाठींमध्ये कोंडून ठेवण्याचेही काम करते. टीएनएफ रोखल्यावर सुप्त क्षय जागा होऊ शकतो, हे २००१ मध्येच लक्षात आले होते, आणि क्षयाचे प्रमाण मोठे असलेल्या या प्रदेशात ही गोष्ट विसरून चालत नाही. अशी औषधे सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि मांटू किंवा इग्रा तपासणी करून घ्यावी. इग्रा तपासणीत रुग्णाच्या पांढऱ्या पेशी क्षयाच्या जंतूतील प्रथिने ओळखून इंटरफेरॉन-गॅमा सोडतात का, हेच मोजले जाते. सुप्त क्षय आढळल्यास प्रतिबंधक उपचार आधी सुरू केला जातो. घरात कोणाला क्षय होऊन गेला असल्यास ती माहिती संकोचाने लपवू नये.

लस आणि तात्पुरता दाह

बाहेरून दिलेला आरएनए पेशी परका म्हणून ओळखते आणि तीव्र दाह घडवते, ही आरएनए लसींपुढील मोठी अडचण होती. आरएनएतील युरिडिन या घटकाच्या जागी त्याचे बदललेले रूप वापरल्यास हा दाह टळतो, हे कॅटलिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांनी २००५ मध्ये दाखवले आणि त्यासाठी त्यांना २०२३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीने विकसित केलेल्या देशातील पहिल्या संदेशवाहक आरएनए लसीला जून २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. ती २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात साठवता येते, त्यामुळे तिला अतिशीत साखळीची गरज नसते. कोणत्याही लसीनंतर एक-दोन दिवस येणारा हलका ताप आणि दंडाचे दुखणे हे प्रतिकारसंकेत कामाला लागल्याचे लक्षण असते. त्यासाठी आधीच गोळी घेऊन ठेवण्याची आवश्यकता नसते. ताप दोन दिवसांपलीकडे राहिला तर मात्र तो लसीचा समजून स्वस्थ बसू नये. पावसाळ्यात तो डेंग्यू किंवा मलेरियाचाही असू शकतो.

घरात आणि सोसायटीत करावयाची तयारी

प्रतिकारशक्ती वाढवण्याचा दावा करणारी अनेक उत्पादने बाजारात मिळतात. परंतु दाहाचे स्वरूप लक्षात घेतले तर गरज प्रतिकार सरसकट वाढवण्याची नसून तो वेळेवर सुरू होऊन वेळेवर थांबण्याची आहे, आणि त्यासाठी पुरेशी झोप, तंबाखूपासून दूर राहणे, मधुमेहावर नियंत्रण आणि वेळेवर घेतलेल्या लसी यांचा आधार अधिक भक्कम आहे. एडिस डासाच्या अंड्यापासून डास होण्यास साधारण ७ ते १० दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस पिंप, कुंड्यांखालच्या ताटल्या, वातानुकूलन यंत्राखालील भांडी आणि गच्चीवरील टाकाऊ वस्तू कोरड्या केल्या की त्यांतील चक्र तुटते. गृहसंकुलांनी हा दिवस ठरवून घ्यावा आणि बांधकाम चालू असलेल्या शेजारच्या जागेकडेही लक्ष द्यावे.

ताप आलेल्या रुग्णाला डॉक्टरांकडे नेताना एका कागदावर पाच गोष्टी लिहून न्याव्यात: ताप सुरू झाल्याची तारीख, घेतलेल्या प्रत्येक औषधाचे नाव आणि वेळ, मागील सर्व रिपोर्ट त्यांच्या तारखांसह, पूर्वी झालेला डेंग्यू, क्षय किंवा मधुमेह, आणि गेल्या दोन आठवड्यांत साचलेल्या पाण्याशी आलेला संबंध. पेशीच्या आत संदेश केव्हा लिहिला गेला आणि केव्हा मोडला गेला यावर दाहाचे स्वरूप ठरते; पेशीबाहेर डॉक्टरांना त्या वेळापत्रकाचा अंदाज येतो तो रुग्णाच्या कुटुंबाने ठेवलेल्या या नोंदीवरूनच, आणि म्हणून ही नोंद हा उपचाराचाच एक भाग मानावा.